पडद्यामागचं मैदान

श्रीपाद टेंबेच्या घरी प्रोजेक्टर आणायचं ठरलं ते हौसेपायी नव्हे, नोकरीपायी. तो ज्या कापड मिलमध्ये हेडक्लार्क होता ती शहाण्णव सालच्या शेवटी दिल्लीच्या लोकांनी घेतली आणि बासष्ट बाबूंपैकी चाळीस जण जानेवारीअखेर घरी बसणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. कोणते चाळीस, ते नवे मल्होत्रासाहेब ठरवणार होते. त्यांनी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला. 'आवडता खेळ' या रकान्यात बाकीच्यांनी प्रामाणिकपणे क्रिकेट, कॅरम लिहिलं. श्रीपादने साहेबांच्या गाडीत गोल्फच्या काठ्या पाहिल्या होत्या. त्याने लिहिलं, गोल्फ. शेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार, या धास्तीने माणूस काहीही लिहितो.

"टेंबे, आप गोल्फ खेलते हैं? उज्जैन में?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तो उन्नीस जनवरी, इतवार, महू. आप और मैं."

श्रीपादने जन्मात कधी गोल्फची काठी धरलेली नव्हती.

साहेबांच्या केबिनबाहेर एक परदेशी मासिक पडलं होतं. त्यात एका अमेरिकन माणसाने घरातच गोल्फचं मैदान केलं होतं. प्रोजेक्टर पडद्यावर मैदान दाखवी आणि हा बाबा पडद्यावर चेंडू मारी. प्रोजेक्टर कसा निवडावा यावर चक्क चार पानं होती. उजेड किती, पडद्यापासून अंतर किती, आणि खेळणाऱ्याची सावली पडू नये म्हणून तो ठेवावा कुठे. श्रीपादने ती चार पानं डिक्शनरी घेऊन वाचली, महूला जाऊन मैदानाच्या नऊ होलच्या नऊ स्लाइड काढून आणल्या आणि टावर चौकात विलासचं दुकान गाठलं. विलास त्याचा शाळेतला मित्र, व्हिडिओ शूटिंगचं सामान भाड्याने द्यायचा.

"हा बघ, कॉम्प्युटरवाला. इंदूरहून मागवावा लागेल," विलास कॅटलॉग दाखवत म्हणाला.

"केवढ्याला?"

"घर विकशील तर अर्धा येईल."

"आणि तो?"

"तो शाळेतला, ओव्हरहेड. त्याच्यावर तुझी स्लाइड नाही चालणार भाई. हा स्लाइडवाला घेऊन जा न. एकदम टनाटन आहे. फक्त गरम होतो, बस."

प्रोजेक्टर आला. भैरवगढच्या कापड छापणाऱ्या छिप्यांकडून न छापलेलं कोरं कापड आणून बैठकीत टांगलं. अंधार हवा म्हणून भर दुपारी खिडक्यांवर रजया चढल्या. मशीन पाठीमागे ठेवलं तर श्रीपादची सावली सगळ्या मैदानावर आडवी पडली आणि पहिला चेंडू त्याने स्वतःच्याच डोक्यात मारला. बाजूला ठेवलं तर मैदान एका अंगाला घसरलं. झोपाळ्याच्या कड्यांना टांगलं तर मैदान झोके घेऊ लागलं आणि श्रीपादला मळमळलं.

शेवटी शेजारचे तात्या मदतीला आले. तात्यांनी सरकारी गाडीतून खेडोपाडी कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवण्यात तीस वर्षं घालवली होती.

"अरे, पडद्याच्या मागून फेक न," ते म्हणाले. "गावात अर्धी पब्लिक पडद्यामागे बसूनच बघायची. कोणाची काही शिकायत नव्हती."

पडद्यामागे स्वयंपाकघर होतं. मशीन ओट्यावर बसलं, गॅसला लागून. सावली नाहीशी झाली. श्रीपादला तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"अहो, मी फोडणी कुठे देऊ?" मीराने विचारलं.

"एकोणीस तारखेपर्यंत वरण-भात कर."

"आणि तुमचा तो चौकीदार, डाव्या हाताने सलाम कसा ठोकतो हो?"

पहिल्याच स्लाइडमध्ये मैदानाचा चौकीदार हौसेने सलाम करत उभा होता. श्रीपादने वळूनही पाहिलं नाही. "लेफ्टी असेल," तो म्हणाला.

तीन आठवडे तो रोज घामाघूम होईपर्यंत खेळला. पहिल्या होलला तळं डावीकडे, म्हणून चेंडू उजवीकडे ठेवायचा. दुसऱ्याला बाभळी उजवीकडे, म्हणून डावीकडे. नऊच्या नऊ होल त्याला रामरक्षेसारखे पाठ झाले. डोळे मिटूनही तो अचूक मारू लागला, आणि तिथेच घात झाला.

एकोणीस तारखेला महूला धुकं होतं. समोरचं धड दिसत नव्हतं, पण श्रीपादला दिसायची गरजच नव्हती. त्याने पाठ केल्याप्रमाणे चेंडू उजवीकडे हाणला. डुबुक असा आवाज आला. दुसराही तिकडेच हाणला, तोही डुबुक. धुकं विरलं तेव्हा तळं उजवीकडे पसरलं होतं आणि फाटकाशी चौकीदार साहेबांना चांगला उजव्या हाताने सलाम ठोकत होता. पडद्यामागे बसलेल्या पब्लिकने तीस वर्षं सगळं डावं-उजवं उलटं पाहिलं होतं आणि तात्या कधी पडद्यामागे गेलेच नव्हते!

कळलं तरी हात ऐकेनात. नऊ होल तो हरला. बाभळीत शिरला, वाळूत रुतला, पण ओठ घट्ट मिटून खेळत राहिला. नोकरी गेली, हे त्याला तिसऱ्या होललाच कळलं होतं.

गाडीशी आल्यावर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेंबे, आपको खेलना बिलकुल नहीं आता. लेकिन इतना पिटकर भी चेहरे पर एक शिकन नहीं. मुझे ऐसा ही आदमी चाहिए. शुक्रवार, इकतीस को सबका आखिरी दिन है. लेटर आप बाँटेंगे."

गुरुवारी श्रीपाद लेटरचं जाड पुडकं घेऊन घरी आला.

"राहिली ना नोकरी?" मीराने दारातच विचारलं.

"राहिली." त्याला रडू येत होतं. वीस-वीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं त्या पुडक्यात होती. उद्या त्यांच्या हातात हे कसं ठेवायचं?

खात्याप्रमाणे लावून ठेवावीत म्हणून मीरा एकेका पाकिटावरचं नाव वाचू लागली आणि तो गठ्ठे करू लागला. शेवटचं पाकीट हातात घेऊन ती थांबली. मग न वाचताच तिने ते त्याच्यापुढे सरकवलं. त्यावर त्याचं नाव होतं.

श्रीपादने फोडलं. मजकूर छापील होता, फक्त शेवटच्या दिवसाची तारीख हाताने घातलेली. एक फेब्रुवारी. बाकी सगळ्यांपेक्षा एक दिवस जास्त.

मीराने बाकीच्या गठ्ठ्यांना दोरा बांधला.

"एक तारखेला डबा देऊ ना?" मीराने विचारलं.

"दे," श्रीपाद म्हणाला. "पण दोनच पोळ्या दे. शनिवार आहे, अर्धाच दिवस असेल."