टेलरमास्तरांची सैल पँट

डॉक्टर आले होते पँट शिवायला टाकायला. पण उलट त्यांनीच टेप ओढून घेऊन टेलरमास्तरांची कंबर मोजली. टेप अपुरी पडते की काय, अशी शंकाही बोलून दाखवली. रोज सकाळी तासभर चाला, नाहीतर जिना चढणं विसरा, असं बजावून ते गेले. मास्तरांच्या बायकोने त्यावर शिक्का मारला. "महिन्यात फरक दिसला नाही, तर माझ्या भावाला बोलावते. तो चालवेल तुम्हाला."

मास्तरांनी ताबडतोब चालायचं कबूल केलं. मेहुण्याने उभी हयात कवायत शिकवण्यात घातली होती. पाहुणा म्हणून आला तरी तो घरच्यांना घास मोजून चावायला लावी.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पहाटे घराबाहेर पडू लागले आणि चार घरं ओलांडून आपल्याच दुकानात कापडाच्या ताग्यांवर आडवे होऊ लागले. राहिला प्रश्न फरक दाखवायचा. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला तेवढी अक्कल असतेच. पँटच्या मागच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असतं. मास्तर दर चार दिवसांनी शिवण उसवून ते बोटभर सैल सोडू लागले. पट्टा खोटं बोलत नाही, म्हणून तो माळ्यावर टाकला.

तीन आठवड्यांत पँट घसरायला लागली. बायकोने ही वार्ता गल्लीभर केली. लोक चौकशीला आले, तेव्हा मास्तरांनी थापांना कडक इस्त्री करून दिली: पुलापलीकडे जायचं, टेकडीला वळसा घालायचा, कुठे टेकायचं नाही. इथवर निभावलं. पण एका सकाळी दार उघडतात तो बाहेर बेकरीवाला, मुख्याध्यापिकाबाई, दोन पेन्शनर आणि खुद्द डॉक्टर उभे.

"आम्हालाही न्या," डॉक्टर म्हणाले. "इतका फरक मी पुस्तकातसुद्धा वाचलेला नाही."

मास्तर निघाले. पुलावर पोहोचेतो पँट दगा देणार हे कळून चुकलं. त्यांनी डावा हात कमरेवर घट्ट दाबला आणि एकदाचं घर गाठावं म्हणून वेग वाढवला. मागे वळून पाहतात, तर अख्खी वरात डावा हात कमरेवर ठेवून चालतेय.

"हे हाताचं काय हो, मास्तर?" बेकरीवाल्याने धापा टाकत विचारलं.

"दम पांगत नाही त्याने."

"तरीच," डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांत तीस माणसं झाली. मास्तरांना आता पँट आवळून घ्यायचीही चोरी. हात सुटला तर विद्या खोटी ठरायची.

आणि एक दिवस टेकडीच्या वळणावर समोर मेहुणा. बोलावलं कुणीच नव्हतं, कीर्ती ऐकून आला होता. डाव्या हातांची ती रांग तो पापणी न लवता बघत राहिला. संपलं आपलं, मास्तरांनी मनात म्हटलं.

"दाजी," मेहुणा जवळ येऊन हळूच म्हणाला, "तीस वर्षं मी माणसं हाकली. मी पाठ फिरवली की बसायची सगळी. तुमच्यामागे ही आपणहून चालतात. मला शिकवा. सहा महिने राहायच्या तयारीने आलोय."

त्याने हुकूम सोडला असता, तर मास्तरांनी गुडघा धरला असता, चक्कर आणली असती, निदान भांडण तरी काढलं असतं. पण रोज पहाटे पाचला उशाशी हात जोडून उभ्या राहणाऱ्या शिष्याला नाही कसं म्हणायचं? मास्तर त्याचं उत्तर शोधताहेत. हल्ली टेकडीला दोन वळसे घालून शोधताहेत.