खारीत लपलेला संशयित

दत्तात्रेयांच्या मते साऱ्या रायगड जिल्ह्यात अचूक नजरा दोनच. एक घारीची, दुसरी त्यांची. घारीला चष्मा लागत नाही, एवढाच तिचा वरचढपणा. रोह्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त होताच त्यांनी दारावर पाटी लावली : ‘खासगी गुप्तहेर. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर तपास.’ मेव्हणा सुजय त्यांचा मदतनीस झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून तो जेवायला बसला की भाऊजी दारात हजर.

एका बुधवारी भाऊजींच्या हातात गावचं साप्ताहिक होतं.

“शब्दकोड्यातला अकरा आडवा वाच.”

सुजयने घास गिळला आणि वाचलं, “खारीत लपतो, हात घातला की चावतो. तीन अक्षरं.”

“साप आणि विंचू सुटले. दोघेही दोन अक्षरी.”

“झुरळ?”

“झुरळ चावत नाही, नुसती बदनामी करतं. हा उंदीर. कुणीतरी कोड्यातून गावाला सावध करतंय.”

“पण भाऊजी, इथूनच उभा शब्द सुरू होतो, ‘मुलांचा हट्ट’. तो ‘खेळणी’ असणार. मग पहिलं अक्षर ‘खे’ हवं.”

“उंळणी,” भाऊजी शांतपणे म्हणाले. “जुन्या मराठीत असेल.”

नदीपलीकडच्या अष्टमी गावात खारी भाजणारी बेकरी एकच, विमलबाईंची. नवरा गेल्यापासून भट्टी त्याच सांभाळत. भाऊजींनी त्यांच्या दुकानात भर दुपारी उंदरांचे पिंजरे मांडले. ते पुलावरून वाहून आणले सुजयने. खारीच्या डब्याला टेकून ठेवलेला पिंजरा पाहून गिऱ्हाईकं बटरसुद्धा न घेता माघारी फिरली. शनिवारी शेजारच्या वरसे गावातल्या एका लग्नघराने नानकटाई नको म्हणून कळवलं. विमलबाईंनी भट्टी विझवली आणि त्या स्टूल घेऊन बसल्या. सुजयला त्यांच्याकडे बघवेना.

पिंजऱ्यांत काहीच सापडलं नाही. भाऊजींनी त्यावरून उंदीर सुशिक्षित असल्याचं अनुमान काढलं. मग पेणच्या एका बेकरीवाल्याचा कट शोधला. त्याची बेकरी दोन वर्षांपूर्वीच बंद पडल्याचं कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे कट जुना आहे.” शेवटी त्यांचा संशय विमलबाईंच्या नव्या सुनेवर, शांतीवर गेला. ती पेणकडची, डोलवीच्या पलीकडच्या एका मिठागराच्या गावची.

“ही गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडत नाही,” भाऊजी म्हणाले. “जो बोलत नाही, तो लपवतो.”

“मीच सांगितलंय तिला,” विमलबाई म्हणाल्या. “गाडीला गारी म्हणते, घोड्याला घोरा. लोक हसतात.”

तरी भाऊजींनी चौकशी मांडलीच. सुजयने ओशाळून कोड्यातलं सूत्र वाचलं. शांतीने पीठ मळता मळता ऐकलं आणि सासूकडे पाहिलं. सासूने ‘बोल’ म्हणून मान हलवली.

“खेकरा,” ती म्हणाली. “खारीन दुसरा कोन चावनार? आमचे दारातच खारी हाय. चिखलान हात घातला का धरतोच त्यो.”

सुजयने बोटावर मोजलं : खे, क, डा. आणि तिची खारी म्हणजे खाडी. खाली ‘खेळणी’ बिनतक्रार बसली. त्याने समोरच्या बूथवरून साप्ताहिकाला फोन लावला. तिथून कळलं : सूत्रं दर आठवड्याला पेणच्या खाडीकाठचे महिपती गुरुजी फोनवर सांगत, आणि उतरून घेणारा माणूस नवा, कोल्हापूरकडचा. मग सुजयने गुरुजींनाच फोनवर गाठलं.

“मी खारी बोललो,” गुरुजी म्हणाले, “त्यानं खारी लिवली. चूक कोनाची?”

पुढच्या अंकात खुलासा छापून आला आणि गिऱ्हाईक परतलं. कोडी सोडवणारे तर आता अंक घेऊनच येत. विमलबाईंनी स्वतः भट्टीपाशी राहून शांतीला गल्ल्यावर बसवलं. कुणी हसलं तर त्या सुनेच्या आधी उत्तर देत.

भाऊजींनी तपास यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. “माझा संशय पहिल्यापासून प्राण्यावरच होता,” असं ते सुजयला म्हणाले. तरी एक शंका त्यांना सोडेना. एका सकाळी खारी घेताना त्यांनी विचारलंच, “काय गो, तुमच्यात खाडीला न् खारीला, दोन्हीला खारीच म्हणतात. मग कुठली कोणती, कसं कळतं?”

शांतीने पुडा बांधून त्यांच्या हातात दिला.

“एकीन आपून भिजतो काका,” ती म्हणाली, “दुसरी चायेन भिजते.”