कपाटाचं बूड

तोंडी परीक्षा दुपारी तीनला होती आणि आईचं लाकडी कपाट सकाळी नऊपासून नव्या घरासमोर रस्त्यावर उभं होतं. जुनं घर आजच सोडायचं, नव्या घराचा जिना अरुंद, तेव्हा कपाट दोराने ओढून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत घ्यायचं ठरलं होतं. हमालांच्या मुकादमाने दोर काढला आणि आईच्या धाकट्या मुलाच्या कपाळाला आठी पडली.

धाकटा चाळिशीला टेकलेला. क्रेन आणि वजन उचलणारी यंत्रं तपासायचा परवाना मिळवायचा, म्हणून त्याने गोदामातली बरी नोकरी सोडली आणि दोनदा नापास झाला. या खेपेला नाही जमलं तर मुकाट गोदामात परत, असं त्याने आईला कबूल केलं होतं. परीक्षेला लागणारी मूळ प्रमाणपत्रं कपाटाच्या तळाच्या खणात होती. पण आई किल्ली देईना.

"भर रस्त्यात खण उघडायचा? चार लोक बघतात. वर गेलं की देते."

"हा दोर चालणार नाही," धाकटा मुकादमाला म्हणाला. "तीन ठिकाणी पीळ सुटलाय."

"साहेब, या दोरानं तिजोऱ्या चढवल्यात!"

"म्हणूनच सुटलाय."

नवा दोर आला, अकरा वाजले. मग हुकाची जीभ, म्हणजे दोर निसटू न देणारी पट्टी, ढिली निघाली. नवा हूक आला, साडेबारा. मग धाकट्याने खालची जागा मोकळी करायला घेतली. लटकत्या वजनाखाली माणूस नको. शेजारी भिंत बांधणारा गवंडी कालवलेलं सिमेंट तसंच टाकून शिव्या देत निघून गेला.

"एवढ्या वेळात मी कपाट खाऊन पचवलं असतं," मुकादम पुटपुटला.

"अरे, जरा माझं ऐक..." आई म्हणाली.

"आई, हे तांत्रिक काम आहे."

कपाट उठलं. दोर ताठ, हूक भक्कम. तिसऱ्या मजल्याशी पोचलं आणि कर्र झालं. दोर शाबूत, हूक शाबूत, फक्त कपाटाचं बूड खणासकट सुटलं आणि नेमकं गवंड्याच्या सिमेंटात जाऊन बसलं.

"वाळवीनं खाल्लंय ते," आई शांतपणे म्हणाली. "तुझे वडील होते तेव्हापासून. तेच मी सांगत होते."

तीन वाजता परीक्षकांनी सिमेंटाने कडक झालेली प्रमाणपत्रं टेबलावर उभी करून पाहिली. उभी राहिली. मग त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"दोर तपासलात, हूक तपासलात. आणि जे उचलायचं होतं ते?"

धाकट्याने प्रमाणपत्रावरचा सिमेंटाचा खडा नखाने खरवडला.

"खाली कुणी होतं?"

"नाही. हटवलं होतं सगळ्यांना."

"तेवढं बरं केलंत. पुढच्या वर्षी या."

तो घरी आला तेव्हा बिनबुडाचं कपाट भिंतीला टेकून उभं होतं.

"उद्यापासून गोदाम," तो म्हणाला.

"गोदाम कशाला?" आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. "तो गवंडी शिव्या देत गेला खरा, पण घरी धड गेला ना? अजून एक वर्ष बघ."

धाकट्याने खुर्ची ओढली. बसता बसता थबकला.

"आई, ही चालेल ना?"

आईने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"चालेल. डावीकडं रेलू नकोस."