जागेश्वरची पाच मिनिटांची साक्ष

"पाच मिनिटांची तं साक्ष! उभं राहाचं, खरं सांगाचं, खाली बसाचं. याच्यात भ्याचं काय?"

असं जागेश्वर पराते बुधवारी सकाळी बायकोला छाती पुढे काढून म्हणाला, आणि तिथेच त्यानं माती खाल्ली!

साक्ष होती चर्चमधली. जागेश्वरचा बाप्तिस्मा होऊन अकरा महिने झाले होते. पादरी ईश्वरदाससाहेबांनी त्याला सांगितलं होतं की येत्या रविवारी मंडळीपुढे उभा राहा आणि तुझ्या आयुष्यात काय बदललं ते सगळ्यांना सांग. चर्चमध्ये याला साक्ष देणं म्हणतात.

आणि बदल झालाही होता! जागेश्वर गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर कामाला. साच्यांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय, आणि ओरडायचंच आहे तर शिवी का नको, अशी त्याची जुनी समजूत. गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या त्या गल्लीत त्याच्या सकाळच्या शिव्यांवर लोक घड्याळं लावायचे. आता अकरा महिन्यांत एक शिवी नाही! पादरीसाहेबांनी युक्तीच तशी दिली होती. राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरायचा, आणि राग उतरला की गिळून टाकायचा. जागेश्वरनं वर्षभरात इतकं पाणी गिळलं होतं की त्याला एक वेगळा नळच मिळायला हवा होता.

कारण तुम्हीच विचार करा. ख्रिस्ती होणं एका सकाळी उरकलं, पण ख्रिस्ती म्हणून त्या गल्लीत राहणं रोजचं होतं, आणि त्यानं माणूस पार दमून गेला होता. गल्लीला त्याच्या नव्या धर्मातल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. हा आता खोटं बोलत नाही, आणि एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करतो! नळावर कोणीही यावं, त्याची बादली मागे सरकवावी आणि वर विचारावं, "काहून गा जागेश्वर, तू तं ख्रिस्ती झाला ना? मंग?" या 'मंग'च्या वेळी त्याच्या तोंडात घोट असायचा.

घरी तुळजाबाई. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. वीस वर्षं तिनं त्याच शिव्यांखाली संसार केला होता, आणि तिचं म्हणणं साधं होतं. "देव कोणता का असेना, तुमच्या तोंडाले ज्यानं आवर घातला त्याले मी मानीन. पण खरंच घातला का, ते पाहू द्या." अकरा महिने ती पाहत होती. या रविवारी ती पहिल्यांदा चर्चमध्ये येणार होती. जागेश्वरच्या मनात साक्ष होती ती तिच्यासाठी. बाकीची मंडळी आली काय अन् न आली काय, त्याला सारखंच होतं.

तर बुधवारी तो नळावर गेला. १९७३ सालचा मार्च, पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेलेला, नळाला करंगळीएवढी धार. शेजारचा लहानू रांगेत होता. लहानूचं घर जागेश्वरच्या भिंतीला भिंत लावून, आणि लहानूच्या घरातला बल्ब रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकून जळायचा. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"रविवारी कुठं दौरा गा?" लहानूनं विचारलं.

"साक्ष द्याची हाये. साहेबानं बोलावलं."

लहानूची घागर हातातच राहिली. "कशाची साक्ष?"

"जे डोळ्यानं पाह्यलं ते सांगाचं. काही लपवाचं नाई, कोणाची भीड धराची नाई. साहेबानं बजावलं हाये."

घागर तशीच ठेवून लहानू घरी पळाला! जागेश्वरला वाटलं, दूध उतू गेलं असेल.

संध्याकाळी लहानूची बायको देवकी ताटभर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घेऊन दारात हजर! "खा भाऊजी. शेजाऱ्याचं मन शेजाऱ्यानं राखावं." ताट ठेवून ती गेली आणि जागेश्वरचे डोळे भरून आले. अकरा महिने ज्या घरानं बादली मागे सारली, त्या घरातून सांबारवडी! "पाह्यलं का वं," तो तुळजाबाईला म्हणाला, "प्रेमानं माणूस कसा बदलते!"

"काहीतरी घोळ हाये," तुळजाबाई म्हणाली आणि सांबारवडी मोडली.

गुरुवारी मार्तंड आला. मार्तंड पानठेल्यामागे बसून सट्ट्याचे आकडे घ्यायचा. आज तो दारातच उभा राहिला, टोपी काढून! "जागेश्वरभाऊ, मी बंद केलं."

"काय बंद केलं?"

"तुले माहीत हाये. तू रोज येता-जाता पाहते."

जागेश्वरला भरतं आलं. त्यानं मार्तंडला पोटाशी धरलं. "लय चांगलं केलं गा! साहेबाले सांगतो."

"नाई! साहेबाले नाई!" मार्तंड किंचाळला. "भाऊ, पाया पडतो, साक्षीत नाव नको घेऊ!"

"नाव नको घेऊ? अरे, नाव घेतल्याबिगर साक्ष होते का? त्या नावासाठी तं साक्ष हाये! नाव पहिले घेईन, मधात घेईन, अन् शेवटीबी घेईन!"

मार्तंड भिंत धरत धरत गेला. प्रभूच्या नावावरची त्याची श्रद्धा जागेश्वरला फार हळवी वाटली.

शुक्रवारी अंजनाबाई. ही म्हातारी तीन वर्षांपूर्वी विधवा झाली होती, पण नवऱ्याचं नाव रेशन कार्डावर अजून जिवंत होतं आणि दर महिन्याला साखर खात होतं! तिनं साखरेची पिशवी चौकटीत ठेवली. "घे बापा. तोंड गोड कर. पण त्या मेलेल्या माणसाचं तं नाई ना काढणार तू साक्षीत?"

"अवं बाई, तेच तं मुख्य हाये!" जागेश्वर उठून उभाच राहिला. अकरा महिन्यांत कोणी आपणहून प्रभूबद्दल विचारलं नव्हतं! "तो मेला होता अन् उठला! आजबी जिता हाये! हेच तं सगळ्याले सांगाचं हाये!"

"अगागागा!" करत अंजनाबाई जी निघाली ती थेट लहानूच्या ओट्यावर.

तिथे सभा भरली. कोणीतरी शंका काढली की रविवारी कोर्ट बंद असतं. "म्हणूनच तं!" मार्तंड म्हणाला. "बंद कोर्टात, साहेबाच्या बंगल्यावर, गुपचूप! वीस वर्षं आपल्यात राह्यला, अन् धर्म बदलला तसा खबऱ्या झाला!"

शनिवारी संध्याकाळी जागेश्वर पाळी करून आला. आठ तास साच्यांपुढे उभा राहिलेला माणूस. पोटऱ्या दुखत होत्या. घरात तुळजाबाईनं उद्यासाठी हिरवं लुगडं घडी घालून गादीखाली दाबून ठेवलं होतं. ते बघून त्याला जरा हलकं वाटलं. बादली घेऊन तो नळावर गेला.

त्याची बादली रांगेतून उचलून कोणीतरी नालीत टाकली.

"कोणी टाकली?"

"मी," लहानू म्हणाला. "जा, हेबी सांग साहेबाले! सांबारवडी खाल्ली अन् साक्ष देते!"

"खबऱ्या!" मार्तंड ओरडला.

"मेलेल्याले उठवते!" अंजनाबाई.

जागेश्वरला काहीएक कळेना. पण राग टाचेपासून वर चढतो आहे, एवढं कळलं. त्यानं घाईनं नळाखाली ओंजळ धरली. नळ फुसफुसला. एक थेंब पडला आणि नळ गेला!

पुढच्या अर्ध्या मिनिटात अकरा महिन्यांची सगळी थकबाकी बाहेर पडली. चार शिव्या! चारही जुन्या, ठेवणीतल्या, पूर्ण लांबीच्या. जागेश्वरनं मागे वळून पाहिलं तर दारात तुळजाबाई उभी होती.

ती आत गेली. रात्रभर त्याला वाटत होतं की सगळं गेलं. इतकं वाईट त्याला बाप मेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

सकाळी मात्र ती हिरवं लुगडं नेसून तयार! "येईन म्हणलं होतं. येते. पाहू काय सांगता."

दोघं निघाली. रुळांपलीकडच्या चर्चपर्यंत मागून बारा-पंधरा माणसं येत होती. जागेश्वरला वाटलं मारायला येत आहेत. मारा बापा, तो मनात म्हणाला, पण साक्ष होण्याआधी मारा, म्हणजे सुटेन.

गल्ली चर्चमध्ये शिरली आणि शेवटच्या बाकांवर दाटून बसली. "साहेब कुठं हाये?" मार्तंड कुजबुजला. "अन् हे लोक पेटी काहून वाजवून राह्यले?"

जागेश्वरचं नाव पुकारलं गेलं. तो पुढे गेला. खिशात तयार केलेला कागद होता. तो त्यानं बाहेर काढलाच नाही.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला, "का प्रभूनं माझी जीभ आवरली, अकरा महिन्यांत मी शिवी नाई दिली. पण काल दिल्या. नळाले पाणी नव्हतं." मग त्याला वाटलं, हा बहाणा झाला. "पाणी असतं तरी दिल्या असत्या. मी थकलो होतो. माझं चुकलं. बस, एवढंच."

तो खाली बसला. पाच मिनिटं कसली, अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

पादरीसाहेबांनी खाकरून रिवाजाप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे का?"

शेवटच्या बाकावरून लहानू उठला! तो आयुष्यात एकदा खऱ्या कोर्टात जाऊन आला होता, त्यामुळे कसं बोलायचं ते त्याला पाठ होतं.

"देवाशपथ खरं सांगीन, खोटं सांगणार नाई! माझं नाव लहानू, राहणार गोळीबार चौक, धंदा विणकाम. काल सांजच्याले नळावर यानं चार शिव्या दिल्या. मी सोता ऐकल्या. तीन आमाले, एक नळाले."

जागेश्वरनं मान खाली घातली.

"पण साहेब," लहानू जरा अडखळला, "अकरा महिने मी याची बादली मागं सारून राह्यलो. रोज. आता हा शिवी देईन, मंग देईन, म्हणून वाट पाह्यली. यानं नाई दिली. अन् काल बादली नालीत टाकली ती मी टाकली. हेबी लिहून घ्या!"

"आमेन!" पुढच्या बाकावरचे एक म्हातारे मोठ्यांदा म्हणाले. लहानू दचकून खाली बसला. त्याला वाटलं शिक्षा सुनावली!

घरी येताना तुळजाबाई रुळांपाशी थांबली. मग म्हणाली, "वीस वर्षं शिव्या दिल्या तुमी. माझं चुकलं, असं एका दिवशीबी नाई म्हणलं. आज एवढ्या लोकायपुढं म्हणलं."

"मंग?" जागेश्वरनं भीत भीत विचारलं. पहिल्यांदाच तो 'मंग' त्याच्या तोंडून निघाला होता.

"मंग काय? लुगडं धुवून ठेवीन. रविवार काय एकच असते?"

त्याला तिथेच रुळांवर बसून रडावंसं वाटलं. पण तिकडून मालगाडी येत होती.

सोमवारी गल्ली पूर्ववत. लहानूचा आकडा खांबावर, मार्तंड पानठेल्यामागे. अंजनाबाई साखर परत घेऊन गेली. म्हणाली, मेलेल्याच्या वाट्याची जित्याले पचत नाही.

संध्याकाळी नळावर जागेश्वरनं पाहिलं तर त्याची बादली पुन्हा एक नंबर मागे. त्यानं लगेच सोबत आणलेल्या तांब्यातलं पाणी तोंडात धरलं आणि लहानूकडे डोळे वटारले. लहानूनंही वटारले. जागेश्वरनं नीट निरखलं. लहानूचेही गाल फुगलेले!

दोघं तसेच समोरासमोर उभे. आधी कोणाची पाळी, हे विचारायला तोंड उघडणार कोण? धार जमिनीवर पडत राहिली.

आणि नळ गेला.