चहावर न उठलेला पाहुणा

"आज त्या डब्याला हात लावायचा न्हाई," मालनबाईंनी सकाळी उठल्या उठल्या पोराला बजावलं. "पाव्हणे घर बघायला येऊन राह्यले. नखं काढ, कपडे बदल, आन मानसासारखा बस."

वसंता माणसासारखा बसला. मन मात्र त्याचं डब्यातच होतं.

वाटूर फाट्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढताना एखादं गिऱ्हाईक घाईत असलं की हमखास वसंताची तंद्री लागायची. त्याला एक पट्टी करायची होती. कोरडी, गुंडाळून खिशात टाकता येईल अशी. तिला पाणी लागू नये, विस्तव लागू नये, वाळायची वाट बघायला लागू नये. नुसती टेकवली की तिनं धरलं पाहिजे, मग ते लाकूड असो, पत्रा असो, काच असो नाहीतर रांजण. डिंक काचेवरून सुटत होता. सरस तापवत बसावा लागायचा. पंक्चरचं सोल्युशन रबराला सोडून कुणाला जवळ करत नव्हतं. शहरात कागदाला लावायची चकचकीत पट्टी मिळते म्हणून त्यानं ती जालन्याहून मुद्दाम आणली आणि रांजणाला लावून पाहिली, तर रांजणानं तिला ओळखसुद्धा दाखवली नाही.

हे वेड लागलं भिंतीवरच्या तसबिरीमुळे. वसंताचे वडील छप्पन साली नागपूरला गेले होते, तिथून त्यांनी ती बुद्धाची तसबीर आणली होती. वडील गेले आणि पुढे तसबिरीमागचा पुठ्ठा निसटायला लागला. वसंतानं बारीक खिळे, म्हणजे चुका, मारायला घेतल्या तर कोपऱ्यात काच तडकली. मालनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तेव्हापासून वसंता डब्यात काहीबाही कालवत होता.

आदल्या दिवशी त्यानं सोल्युशनमध्ये राळेची पूड आणि थोडं एरंडेल घातलं होतं. कापडाच्या पट्ट्या संपल्या म्हणून ओसरीतल्या बाकड्यावरच तो लेप फासला, आणि सुकल्यावर त्यावर कागद टेकवला. वसंता हलक्या हाताचा माणूस. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा तो कागद टेकवायचा. सकाळी वारं सुटलं आणि कागद उडून अंगणात गेला. हेही गेलं, असं म्हणून वसंतानं बाकडं मनातून काढून टाकलं. मालनबाईंनी त्यावरून फडकं झटकलं. हाताला काही लागलं नाही, डोळ्याला काही दिसलं नाही.

टेंभुर्णीचे पाहुणे उन्हं वर आल्यावर आले. मुलीचे वडील पुंजाराम, त्यांचे मेहुणे रखमाजी, आणि दोन्हीकडच्या ओळखीचा म्हणून मध्यस्थ झालेला शेजारचा रामकिसन. जय भीम झाला, पाय धुऊन झाले. ओसरीत दोन एकरांचा कापूस रचून ठेवलेला होता, त्याच्यापुढे सतरंजी अंथरली होती. रखमाजी आणि रामकिसन खाली बसले. पुंजाराम अंगानं भरदार, गुडघ्यानं अधू. "मी आपला इथं टेकतो," म्हणत ते ढिगाला लागून असलेल्या बाकड्यावर सगळ्या वजनानिशी बसले. बाकडं करकरलं.

पुंजारामांचा विचार फाट्यावर उतरल्या उतरल्याच ठरला होता. पानवाल्याला त्यांनी वसंताचं घर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पोरगं सोन्यासारखं हाय. जरा येडं हाय, पर सोन्यासारखं." पुंजारामांना त्यातलं वेडंच तेवढं ऐकू आलं. आता त्या भागात पाहुणा तोंडानं नाही म्हणत नाही. स्थळ पसंत नसलं की चहा पिऊन उठायचं, आणि पसंत असलं की जेवून जायचं. एवढ्यात सगळं आलं. मालनबाईंनाही ते पक्कं ठाऊक होतं, कारण आजवर आलेला प्रत्येक पाहुणा त्यांच्या घरून चहावरच उठला होता. वसंताचं वय वाढत होतं, आणि पदर डोळ्याला लावायचं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

चहा झाला. पुंजारामांनी कपबशी खाली ठेवली, रखमाजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला मंग. जालन्याच्या गाडीची येळ झाली."

दाराआड मालनबाईंचा पदर डोळ्याला गेला.

पुंजाराम उठायला गेले. अर्धवट उठले, थांबले, चेहऱ्यावर काहीतरी विचारी भाव आला आणि ते पुन्हा बसले. अंगावर कोरं धोतर होतं, खास आजच्यासाठी काढलेलं. आपण उठलो तर धोतर बाकड्यावरच बसून राहील, हे त्यांच्या नीट ध्यानात आलं.

"दाजी, गाडी," रखमाजी म्हणाले.

"गाड्या काय, येत राह्यत्यात. बसू जरा."

रखमाजींनी भुवया उंचावल्या. रामकिसनच्या तोंडावर हसू पसरलं. दाराआडून मालनबाईंचा आवाज आला. "आलेच हायेत तर दोन घास खाऊन जा म्हनावं. काळ्या मसाल्याचं वांगं करते."

हा आग्रह टाळायला उभं राहावं लागतं. बसल्या बसल्या नाही म्हणणं पुंजारामांना जमेना. "आता... बाई म्हनतच हायेत तर," ते म्हणाले.

आत स्टोव्ह फरफरायला लागला. मालनबाई पदरानं डोळे टिपत होत्या आणि वांगी चिरत होत्या.

वसंता हे सगळं खांबाला टेकून बघत होता. त्याची नजर पुंजारामांच्या धोतराच्या काठावर गेली. काठ बाकड्याला ताणून धरलेला होता. पुंजाराम इकडं तिकडं सरकत होते, काठ हलत नव्हता. आणि वसंताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेकवून नाही, दाबून. इतके दिवस तो हलक्या हातानं टेकवत राहिला, आणि याला पाहिजे होता भार. त्याला इतका आनंद झाला की तो पुंजारामांकडे बघून मोकळेपणानं हसला. पुंजारामांना फाट्यावरचा पानवाला आठवला.

मग वसंताच्या लक्षात आलं की आईचं वांगं शिजतंय, आणि ते या धोतराच्या जोरावर शिजतंय. त्याचं हसू मावळलं.

रामकिसन रखमाजींना परसातला आड दाखवायला घेऊन गेला. ओसरीत दोघंच उरले. पुंजाराम हात मागं घेऊन ढिगातला कापूस चाचपत होते. खरा शेतकरी दुसऱ्याच्या घरातही कापूस पारखल्याशिवाय राहत नाही.

"धागा लांब हाय," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं, "तू म्हनं काही चिकटवायचं बनवून राह्यला."

"व्हय मामा."

"आन ते चिकटलेलं... सुटतं कशानं?"

वसंतानं प्रामाणिकपणे विचार केला. "ते मी अजून पाह्यलंच न्हाई. आतापोत्तर कधी चिकटलंच नव्हतं."

पुंजारामांनी डोळे मिटले. "रॉकेलनं?"

"सुटंल कदाचित. पर होतं तेवढं आईनं आत्ता स्टोव्हात घातलं. दुकानात पेट्रोल हाय मामा. जल्दी घेऊन येतो."

तो पायात वहाणा सरकवतोय तोच मालनबाई ताटं घेऊन बाहेर आल्या. "पाव्हणे जेवायचे आन तू कुटं चालला? बस खाली." वसंता बसला. खाली पाट मांडले होते, तशी मालनबाई पुंजारामांना म्हणाल्या, "तुमी उठू नका दादा. गुडघा दुखतो तुमचा. तिथंच देते ताट, आन हातावर पानी बी तिथंच घालते."

"बराबर," पुंजाराम म्हणाले. "बिलकुल उठत न्हाई."

आणि ते जेवले. ज्वारीची ऊन भाकरी, वांगं, वर ठेचा. दुसऱ्यांदा वांगं मागून घेतलं. रखमाजी प्रत्येक घासाला दाजींकडे बघत होते आणि दाजी त्यांच्याकडे बघत नव्हते. वसंता मात्र ताटातली भाकरी नुसती कुस्करत होता. प्रत्येक घासानं सोयरीक पक्की होत चालली होती आणि ती सगळी राळ-एरंडेलावर उभी होती.

जेवणानंतर ओसरी सुस्तावली. थंडीतलं ऊन अंगणात पसरलं होतं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, त्यांच्या चाकांचा आवाज गुंगी आणत होता आणि उडालेली रुई उन्हात तरंगत ओसरीत येत होती. रामकिसन घोरायला लागला. रखमाजीही भिंतीला टेकून पेंगले.

"मंग? काय काय चिकटवायचं म्हनतो तू?" पुंजारामांनी हळूच विचारलं.

वसंता सांगायला लागला, आणि सांगता सांगता विसरून गेला की आपण कुणाशी बोलतोय. यष्टीच्या फाटलेल्या गाद्या. शाळेतला नकाशा, ज्यातून मराठवाडा नेमका घडीवर फाटलाय. पावसाळ्यात गळणारे पत्रे. म्हाताऱ्यांच्या चष्म्याच्या काड्या. त्याला कधी कधी वाटायचं, सगळं गावच आपल्यापुढं पसरलंय, जागोजाग तडकलेलं, आणि आपण खिशातली पट्टी काढून एकेक तडा दाबत चाललोय, कुठं ठोकाठोक नाही, कुणाला दुखत नाही.

"आन ती तसबीर," शेवटी तो म्हणाला. "चूक मारायला गेलो आन काच तडकली माझ्या हातून."

पुंजाराम तसबिरीकडे बघत राहिले. तरंगत आलेला रुईचा एक तंतू त्यांच्या मिशीवर बसला, तो त्यांनी काढला नाही.

"आमची बेबीनंदा चौथीत असताना तिची पाटी फुटली," ते म्हणाले. "दुसरी आनून दिली. पर तिला तीच पायजे होती. तिच्या आईनं घेतलेली होती ती, जायच्या आधी. दोन तुकडे अजून पेटीत ठिवलेत तिनं." मग ते वसंताकडे वळले. "पाटी धरंल का तुझी पट्टी?"

"धरंल मामा. दाबली की धरंल."

"मंग कापूस इकल्यावर धरू लगीन."

वसंताला हे ऐकायचं होतं, पण असं नव्हतं ऐकायचं. तो उठला, दुकानाकडे पळत गेला आणि पेट्रोलची बाटली घेऊन परत आला. तोवर सगळे जागे झाले होते, मालनबाई हातात साखरेची वाटी घेऊन उभ्या होत्या. वसंता बाकड्यापाशी खाली बसला.

"आई, साखर ठिव. मामा, तुमी चहावरच उठनार होतात. माझ्या लेपानं तुमचं धोतर धरलं म्हनून जेवलात. म्हनून बोललात. मी आता सोडवतो. गाडी हाय अजून. तुमी जा, आमचं काही म्हननं न्हाई."

मालनबाईंच्या हातातली वाटी कलली. रखमाजींना सकाळपासूनचं सगळं एकदम उमगलं आणि ते आ वासून दाजींकडे बघायला लागले.

पुंजाराम उठून उभे राहिले. अगदी सरळ, धोतरासकट. बाकड्यावर त्यांच्या बसायच्या जागी कापसाचा जाडसर थर होता, कडेकडेनं नीट सरकवून दाबलेला.

"जेवायच्या आधीच सुटलो मी," ते म्हणाले. "काठ जरा उचलायचा आन खाली कापूस सारायचा. धागा लांब हाय तुमचा."

"म्हंजी... सुटलं?" वसंताचा चेहरा पार उतरला. बायको मिळाली की हुकली हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तो खाली वाकून बाकडं बघत होता.

"मंग दाजी, बसून का राह्यलात?" रखमाजींनी विचारलं.

"वांग्याचा वास आल्ता." पुंजारामांनी वसंताकडे पाहिलं. तो अजून बाकड्यावरच वाकलेला होता. "पानवाला बराबर बोलला होता रखमाजी. पोरगं येडं हाय. पर आता काय करता? जेवलो आपन."

मालनबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. वसंताच्या हातावरची तिथंच राहिली, त्याला खायची आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला बेबीनंदा वडिलांचं धोतर धुवायला बसली. मागच्या बाजूला कापसाचा एक पुंजका चिकटून आला होता. तिनं चोळला, साबण लावला, दगडावर आपटून पाहिला. पुंजका होता तिथंच.

"बाबा, हे काय चिकटून आलंय? निघंना की."

पुंजाराम अंगणात उन्हाला बसले होते. "राहू दे," ते म्हणाले. "ते तुझं सासर हाय."