गच्चीवरचा फोन

आमच्या सुमनकाकू देवालासुद्धा ताटकळत ठेवतात. आरती अर्ध्यावर आली आणि कुकरची शिट्टी झाली, की घंटी खाली ठेवून म्हणणार, "लाइनवर राहा!" आणि स्वयंपाकघरात पळणार. देव बिचारा राहतो. दूधवाला राहतो, मीटर बघायला आलेला राहतो. मी तर शेजारी, मला राहावंच लागतं. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून झाली. नोकरी संपली, वाक्य संपलं नाही.

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या इमारतीत सगळे काकूंना जरा वचकून असतात, ते मात्र त्यांच्या दुसऱ्या नादामुळं. काकूंना एक तारा विझताना बघायचाय.

हे प्रकरण त्यांनीच मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घालून समजावलं. सूर्याभोवती फिरणारा एखादा धोंडा, साध्या डोळ्यांना कधीच न दिसणारा, चालता चालता बरोब्बर एखाद्या ताऱ्याच्या आड येतो. तारा काही सेकंद गडप! पण धोंड्याची सावली ज्या पट्ट्यात पडते, तिथूनच दिसणार. शेजारच्या गावाला पत्ता नाही. तारा कधी गेला, कधी आला हे ठिकठिकाणाहून टिपलं, की धोंड्याचा आकार कळतो.

"आन् सावली सोलापूर सोडून सगळीकडं पडती!" काकू करवादल्या. "आमच्या गच्चीला काय काटे हायत का?"

तरी सराव चालूच. गच्चीत उभं राहायचं आणि लांबच्या दिव्याआडून ट्रक गेला, की ओरडायचं, "गेला!... आला!" एकदा समोरचे जोशी धापा टाकत वर आले. त्यांचे वडील आजारी होते.

"काकू, कोण गेला?"

"ट्रक."

"अहो, आमच्या आत्यानं खाली रडायला सुरुवात केली की!"

"मग थांबवा तिला. 'आला' पण म्हटलंय की मी."

गेल्या हिवाळ्यात सावली सांगोल्यावरून जाणार, अशी बातमी आली. इतक्या वर्षांत ती इतकी जवळ कधी आली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी आकाश बघणाऱ्यांच्या हौशी मंडळातले पाटीलसर गाडी घेऊन दारात हजर. काकूंनी स्वेटर चढवला, दुर्बीण मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. घरी त्यांचे यजमान, अण्णा. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिलेला, "बरं." त्यांच्यापाशी मी थांबणार होतो.

गाडी सुरू झाली. काकूंनी एकदा अण्णांच्या खिडकीकडं बघितलं आणि दुर्बिणीसकट खाली उतरल्या.

"सर, तुमी व्हा पुढं. तारा कुटं विझला न्हाय, हे पण कुणीतरी बघायला पाहिजे की. त्याबिगर सावलीची कड कळणार कशी?"

सरांना ते पटलं, आणि होतंही खरंच. मला पटेना. "काकू, इतकी वर्षं वाट बघितलीत. जावा की! मी आहे ना."

त्या मला अण्णांच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगापाशी एक जुना काळा टेलिफोन. त्याची वायर खिडकीतून वर गच्चीत, तसल्याच दुसऱ्या फोनला. भंगारातले दोन फोन आणि एक बॅटरी, जोडणी काकूंचीच. रोज संध्याकाळी त्या वरून अण्णांना आकाश सांगतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"सांगोल्यापर्यंत वायर पुरत न्हाय," त्या म्हणाल्या.

"मोबाइल आहे की!"

"त्याच्यावर शब्द मागनं पोचतो. यांना शिळा तारा द्यायचा व्हय?"

जेवणं झाल्यावर त्या वर गेल्या. मी अण्णांच्या कानाशी रिसीव्हर धरून बसलो. "आहे... आहे... आहे..." एक्स्चेंजातला खणखणीत आवाज. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. वेळ टळून गेली. तारा जागचा हलला नाही.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पाटीलसर सांगोल्याहून फोनवरच नाचत होते. मी रिसीव्हरमध्ये ओरडलो, "काकू, तिकडं विझला!"



"विझू दे," काकू म्हणाल्या. "अहो, ऐकलं का? आपल्याकडं हाय."

"बरं," अण्णा म्हणाले.

संपलं म्हणून मी रिसीव्हर ठेवायला गेलो, तर अण्णांनी चालत्या हातानं तो घट्ट धरला. आतून काकूंचा आवाज आला, "लाइनवर राहा. आता गुरू दाखवते."