बदली माणूस

नोकरीला मेल पाठवून नाही म्हणता येतं, हे ऐकल्यावर लाहूने हातातली भाकर ताटात आपटली. आणि नाही म्हणायचं ते कुठल्या नोकरीला? जिच्यावर पोरगी अजून एक दिवससुद्धा गेली नव्हती.

"सही केलीस का नाय?" त्याने विचारलं.

"केली होती," रविना म्हणाली. "पण बाबा, हे दुसरं काम लॅबमधलं आहे. पगार जवळजवळ दुप्पट."

"मी पगार नाय विचारला."

पंधरा दिवसांपूर्वी याच पोरीने घोलवडच्या नविनशेठच्या पॅकिंग हाऊसमध्ये कागदावर सही केली होती. चिकूच्या मालाची तपासणी करायची, पेटी पास की नापास ते ठरवायचं, असं काम. लाहूने त्या दिवशी पाड्यात घरोघर पेढे वाटले होते आणि शेठला आपल्या घराचा शब्द गेलाय असं ज्याला त्याला ऐकवलं होतं. तोवर तलासरीजवळच्या औषधांच्या कारखान्यातून रविनाला बोलावणं आलं. तिने होकार दिला, शेठला चार ओळींचा मेल पाठवला आणि आपल्या मते विषय संपवला.

विषय कसला संपतोय. सही घेताना शेठने तिची पदवी आणि मार्कशीटा, सगळ्या अस्सल, आपल्या कपाटात ठेवून घेतल्या होत्या. कारखान्यात त्या शुक्रवारी संध्याकाळच्या आत दाखवायच्या होत्या, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आज गुरुवार उजाडला होता. रविनाने शेठला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, की बापाला घेऊन ये, मग बघू.

लाहूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाचं कारण नोकरी नव्हती, पद्धत होती. त्यांच्या पाड्यात आवणीच्या दिवसांत सगळी एकमेकांच्या शेतात भाताची रोपं लावायला जातात. ज्या घराने एक माणूस देतो म्हटलं, त्या घरातलं एक माणूस चिखलात उतरलंच पाहिजे. कोणाला ताप आला, कोण माहेरी गेलं, ते त्या घराने आपसांत निस्तरायचं. त्यासाठी शेतमालकाला मेल पाठवत नाहीत. बदली माणूस पाठवतात.

एवढा विचार केला आणि लाहूला वाट सापडली. त्याने बायकोला हाक मारली आणि चांगलं लुगडं नेस म्हणाला. कशाला, ते सांगितलं नाही. जयवंतीला वाटलं, पोरीची बाजू मांडायला आई लागत असेल. तिने विचारलं नाही, लाहूने सांगितलं नाही, आणि पुढचा सगळा तमाशा झाला तो एवढ्यावरून.

रिक्षात तिघं बसली. लाहू बोर्डीपर्यंत पोरीला फाडून खात होता. आमच्या काळी असं नव्हतं इथपासून सुरुवात झाली ती शिकून माणूस बिघडतं इथवर आली. रविनाही काही कमी नव्हती. ती म्हणाली की शेठला उद्या माझ्यापेक्षा चांगली कोणी मिळाली असती, तर त्यानेही मला मेलच पाठवला असता. हे खरं होतं, म्हणून लाहू आणखीच चिडला.

पॅकिंग हाऊसच्या ऑफिसात शेठ वाटच बघत होता. लाहू वाकून माफी मागायचं ठरवून आला होता. रस्ताभर त्याने दोन वाक्यं मनाशी जुळवलीसुद्धा होती. शेठने त्याला तोंड उघडू दिलं नाही. या मुलीसाठी मी तिघांना नाही म्हटलं, तो म्हणाला. बुधवारी दिल्लीच्या पार्टीचा माणूस माल बघायला येतोय, आता पेट्या कोण तपासणार, मी? त्याचंही काही खोटं नव्हतं. पण माणूस रागात एक वाक्य जास्त बोलतो, तसा तो बोलला.

"लाहूभाई, तुम्हां लोकांच्या सहीला किंमत असते की नसते, तेवढं फक्त सांग."

झालं. माफीची दोन्ही वाक्यं जिथल्या तिथे विरून गेली. इतका वेळ पोरीवर असलेला राग एका झटक्यात शेठकडे वळला.

"आमच्या शब्दाची किंमत विचारतोस?" लाहू म्हणाला. "घराने एक माणूस दिला म्हणजे दिला. पोर नाय, तर तिची आई. ही घे. आजपासून कामाला ठेव."

शेठ जयवंतीकडे बघत राहिला. रविना कपाळाला हात लावून बसली. जयवंती मात्र सावकाश उठली. अठरा वर्षं हंगामात चिकूच्या वाड्यांमधून रोजावर राबलेली बाई ती. पण तिला कोणी असं शेळीसारखं कान धरून पुढे केलं नव्हतं.

"मला विचारलंस?" ती नवऱ्याला म्हणाली.

"घराचा शब्द हाय."

"शब्द तू दिलास, पेढे तू वाटलेस. आता हात बी तुझेच लाव."

एवढं बोलून ती खाली बसली आणि पंख्याकडे बघायला लागली. लाहूचा चेहरा लालबुंद झाला. शेठला आता मजा वाटायला लागली होती. त्याने रविनाचा कागद काढला. सोडायचं झालं तर तीस दिवस आधी सांगायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. माघार घ्यावी एवढी अक्कल रागाला कुठली असायला! लाहू म्हणाला, तीस दिवस मी येतो. तीस म्हणजे तीस, सुट्टी नाय. शेठने तिथल्या तिथे दुसरा कागद केला, पॅकिंगला माणूस, रोजावर, तीस दिवस. लाहूने खाली ठसठशीत सही ठोकली आणि शेठने कपाट उघडलं.

रविनाने आपले कागद एकेक करून मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात वेळेवर पोचली आणि जागा तिला मिळाली. तिचं काम झालं. बापाचं आता कुठे सुरू होत होतं.

सकाळी आठला लाहू डोक्यावर जाळीची टोपी घालून बायकांच्या रांगेत बसला. पहिले दोन दिवस त्या तोंडाला पदर लावून हसल्या, नंतर पदरही लावायच्या राहिल्या. नांगर धरणारा, ताडावर चढणारा माणूस. त्याच्या हाताला सगळे चिकू सारखेच. कडक कुठला, नरम पडायला लागलेला कुठला, त्याला कळेना, आणि विचारायची लाज. तो रागारागाने पेट्या भरत सुटला. दिवसाला बाकीच्यांपेक्षा चार पेट्या जास्त भरतो, याचा त्याला अभिमानही वाटायला लागला.

बुधवारी दिल्लीचा माणूस आला आणि त्याने नेमक्या लाहूच्या तीन पेट्या उघडल्या. तिन्हींत बोट आत जात होतं. तो परत येतो म्हणून निघून गेला. शेठ असा भडकला की बाहेर टेम्पोत झोपलेला ड्रायव्हर उठून बसला. लाहूने ठणकावलं की भरताना सगळे कडक होते, रात्रीत पिकले त्याला मी काय करू. रांगेतली एक म्हातारी मग शेठला म्हणाली, की याच्यावर ओरडून काय उपयोग, याच्या बायकोला बोलव. डोळे मिटून चिकूला नुसता अंगठा लावते आणि कडक की नरम ते सांगते.

शेठने लाहूला काही कळू न देता घरी माणूस धाडला. जयवंती लगेच हो म्हणाली नाही. रोजावर येणार नाय, पोरीला देत होतास तो महिन्याचा पगार दे आणि कागद कर, म्हणाली. कागद आला. रविनाने तो दोनदा वाचला आणि तीस दिवसांची ओळ खोडायला लावली. अस्सल प्रमाणपत्रं जमा करायची अटही होती, पण जयवंतीकडे जमा करायला प्रमाणपत्रच नव्हतं. ती कधीही येणार होती आणि वाटलं तर कधीही जाणार होती.

शुक्रवारी सकाळी लाहूने मान वर केली तर समोर बायको उभी. अंगात पांढरा कोट, हातात वही.

"तू इथं काय करतेस?"

"पेट्या पास करते. शेठने मला विचारलं, मी हो म्हटलं." तिने त्याच्या पेटीतल्या एका चिकूवर अंगठा टेकवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि वहीत फुली मारली. "नापास. परत निवड."

लाहूने टोपी काढून टेबलावर आदळली. दात खाऊन हळू आवाजात म्हणाला, की हे बस झालं, मी आत्ता घरी चाललो.

"जा ना," जयवंती पुढच्या टेबलाकडे सरकत म्हणाली. "तुझ्या बदली घरातलं दुसरं माणूस पाठव. फक्त त्याला आधी विचार."

घरी आता कोणीच उरलं नव्हतं. लाहूने शिव्या गिळल्या, टोपी उचलून डोक्यावर ओढली आणि पेटी टेबलावर उलटी केली.